वाघ सोडून दुसरं काय काढायचं?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह असतो, त्यात आम्ही चित्रस्पर्धा घेतो आणि बहुतेक पोरं वाघच काढतात, खाली 'वाघ वाचवा' लिहिलं की झालं. यंदा ग्रामपंचायतीने रस्त्याकडेची मोठी भिंत रंगवायला दिलीय. काय काढावं? आणि चित्रं बघून कुणी बदलतं का हो खरंच, की आपलं नुसतं समाधान?
– एक कलाशिक्षक, बार्शी तालुका

उत्तर : सर, बदलतं, पण चित्र कुणाच्या डोळ्यासमोर जातंय आणि त्याच्याकडून नेमकं काय हवंय हे आधी ठरलेलं असेल तरच. वाघाचं चित्र बघून तुमच्या गावातल्या माणसाने करायचं तरी काय? त्याच्या शेतात वाघ सहसा येतच नाही!

आसामचं उदाहरण बघा. तिथे हरगिला नावाचा करकोच्यातला एक मोठा पक्षी आहे, टकला, गळ्याला पिशवी, कचऱ्यावर नि मेलेल्या जनावरांवर जगणारा. लोकांना तो अपशकुनी वाटायचा, घाण वाटायचा, त्याने घरटं केलेलं झाड सरळ तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक बाईंनी 2007 मध्ये असंच एक झाड तोडलेलं आणि पिल्लं खाली पडलेली बघितली. झाडं लोकांच्या खासगी आवारात, म्हणजे वनखात्याचा नियम दाखवून भागणार नव्हतं, घरातल्या माणसाचं मन वळायला हवं होतं. मग त्यांनी बायकांना गोळा केलं, हरगिलाची डोहाळजेवणं केली (आपल्याकडे बारशी नि डोहाळजेवणं असतात तशीच की, आणि जेवायला कोण नाही म्हणतं!), आणि बायकांनी हातमागावर गामोशात नि साड्यांत त्याच पक्ष्याची नक्षी विणायला घेतली. गामोसा म्हणजे तिकडे मानाचं कापड, पाहुण्याच्या गळ्यात घालतात ते. ज्याला घाण म्हणायचे तो पक्षी मानाच्या कापडावर जाऊन बसला, वर विणणाऱ्या बाईच्या हातात पैसेही आले. दादरा, पचारिया, सिंगिमारी या गावांत 28 घरटी होती ती अडीचशेच्या वर गेली. ते काही फक्त नक्षीने झालं नाही, वर्षानुवर्षं घरोघर जाऊन बोलणं होतं त्यामागे, पण बोलायला तोंड उघडून दिलं ते त्या कापडाने असं मला वाटतं.

आपल्याकडेही आहे. 2020 मध्ये चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला, खवल्या मांजराची प्रतिकृती करून पालखीत मिरवली. देवाच्या पालखीत बसलेल्या प्राण्याची शिकार करायला हात जरा अडखळतोच ना.

आता तुमची भिंत. तुमचा मुलूख माळरानाचा, नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्या जिल्ह्यातलं. माळढोक आता देशभरात दीडशेच्या आसपासच उरलाय, त्यातले बहुतेक राजस्थानात, तुमच्या पोरांनी तो बघितलेलाही नसेल. म्हणून माळढोक काढाच, पण एकटा नको. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, आणि मुख्य म्हणजे गवत. गवत कुणी काढतच नाही! माळरानाला लोक पडीक म्हणतात, त्यामुळे तिथे झाडं लावायची नाहीतर पेटवून द्यायचं एवढंच सुचतं, आणि माळढोक, चंडोल तर जमिनीवरच अंडी घालतात. भिंतीवर एकच वाक्य येऊ द्या, 'माळ पेटवू नका'. बाकी सगळं चित्राने बोलावं. लांडगा काढताना त्याला सुळे दाखवणारा राक्षस करू नका आणि मेंढपाळही काढा बरोबर, कारण नुकसान त्याचं होतं, तो चित्रात नसेल तर भिंतीपुढे थांबेलच कशाला. आणि रंगवायच्या आधी पोरांना गावातल्या म्हाताऱ्या धनगरांकडे पाठवा, पूर्वी काय काय दिसायचं विचारायला. माझ्या मते अर्धं काम तिथेच होईल. हां, फोटो काढायला म्हणून घरट्याजवळ वा लांडग्याच्या बिळाजवळ मात्र कुणी जायचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी वॉटरकलर करते. मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरू नयेत असं ऐकलं, खरं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : अगदी खरं. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, तरी ब्रश विकले जायचे, म्हणून 2019 मध्ये देशात 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने छापे पडले. एक किलो केसांसाठी साधारण 50 मुंगसं मारावी लागतात असं सांगतात. ओळखायचं कसं, तर मुंगसाच्या एकाच केसावर फिकट-गडद पट्टे असतात. पण रंगवलेला ब्रश ओळखणं आपल्याला कठीणच, त्यामुळे सरळ सिंथेटिक नायलॉनचा घ्या, आता ते पाणीही छान धरतात. दुकानदार 'ओरिजिनल हेअर' म्हणाला तर कुणाचे केस एवढंच विचारा, मोठ्याने.