खान्देशात सायकल गरिबांनी सोडली आणि गाडीवाल्यांनी धरली, असं का झालं?

मुळात सायकल गरिबाची नव्हतीच. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात ती आधी मास्तर, तलाठी आणि पोस्टमनकडे होती. माझ्या वडिलांना 1974 साली लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला, तेव्हा लोक बघायला आले होते. पुढे लुना आली, 1985 ला हिरो होंडा आली, पगारदार गाडीवर गेले आणि सायकल दूधवाल्यांकडे, मजुरांकडे उरली. मग सायकलवरच्या माणसाला कोणी विचारेना. एवढं सगळेच सांगतील. बायकांचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

1989 ला मी आठवीत गेले. हायस्कूल 4 किलोमीटरवर. सायकल वडिलांचीच, दांडीची. सीटवरून पाय पुरत नव्हते, म्हणून पहिले काही महिने कैची मारत, म्हणजे दांडीखालून पाय घालून, गेले. स्कर्ट चेनमध्ये जायचा, तर आईने खालून घालायला सलवार शिवून दिली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसायचा की चाक जागचं हलायचं नाही. पऱ्हाटीच्या काडीने तो काढत शाळा गाठायची.

काका ओट्यावर येऊन वडिलांना म्हणाले, पोरगी सायकलवर फिरली तर सोयरीक कोण करील? वडील एवढंच बोलले, "पोर शिकी ऱ्हायनी, तू उगा ऱ्हाय." काका दोन वर्षं आमच्याकडे जेवले नाहीत. पुढच्या जूनमध्ये गावातल्या आणखी तीन मुली माझ्यासोबत सायकलवर होत्या.

आता मानव विकास कार्यक्रमात, ज्या तालुक्यांत तो आहे तिथे, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी सरकारच पैसे देतं. म्हणून सायकल गरिबांनी सोडली हे प्रश्नातलं म्हणणं मला पटत नाही.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. काकांनी मोबाईलवर नातवाचा फोटो दाखवला. जळगावात मेहरूण तलावाजवळ, गिअरची सायकल, हेल्मेट. कौतुकाने सांगत होते, रोज 20 किलोमीटर मारतो. मी विचारलं, नात नववीत आहे ना, तिची सायकल कुठाय? म्हणाले, ती रिक्षाने जाते, दिवस चांगले नाहीत. शाळा दीड किलोमीटरवर आहे.

महामार्गावरून जायचं असेल तर मीही मुलीला सायकल देणार नाही, ट्रक बघूनच धडकी भरते. पण गावातला रस्ता असेल आणि तुमच्या घरात मुलगी असेल, तर पहिली सायकल तिला घ्या. मी काकांच्या नातीला घेतलीय. आता ती तिला चालवू देतात का, ते दिवाळीला जाऊन बघणार आहे.