लस घेतल्यावर कोविड झाला, तर बूस्टरची गरज उरते का?

तुमचा प्रश्न असा : वय 38, कोविशील्डचे दोन्ही डोस 2021मध्ये झाले, 2022च्या जुलैच्या मध्यात कोविड झाला. सरकारी केंद्रात बूस्टर 30 सप्टेंबर 2022पर्यंत फुकट होता. तो घ्यायला हवा होता, की आजारातच भरून निघाला?

भरून निघाला नाही. तारीख तेवढी पुढे गेली.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. पण याच प्रश्नावरून 2022च्या जानेवारीत आमच्या घरी वाद झाला होता. आई 71 वर्षांची, त्यात मधुमेह. ओमायक्रॉनच्या लाटेत चार दिवस तापाने पडली आणि उठल्या उठल्या म्हणाली, "सरकारने सुई टोचली काय नि विषाणू घरी येऊन टोचून गेला काय, एकच!"

पंचाईत अशी की तिचं अर्धं बरोबर होतं. कोविशील्ड शरीराला विषाणूचा फक्त काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन दाखवते, आणि तेही वुहानमधल्या मूळ विषाणूचं. खऱ्या आजारात सगळा विषाणू समोर येतो, तोही चालू लाटेतला. शिवाय तो नाकातून शिरतो, म्हणून नाका-घशातही अँटिबॉडी तयार होतात. दंडावरच्या सुईने त्या फारशा होत नाहीत. लस आणि वर आजार, अशा दुहेरी अनुभवातून आलेली प्रतिकारशक्ती नुसत्या दोन डोसांपेक्षा जास्त दणकट असते.

उरलेलं अर्धं चुकलं ते मापात. कोविशील्डच्या अर्ध्या मिलिलीटरमध्ये विषाणूवाहकाचे, म्हणजे स्पाइकचा आराखडा शरीरात नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूचे, 5,000 कोटी कण असतात. कोथरूडला घ्या नाहीतर कणकवलीला. आजारात किती माल मिळाला, याची पावती कुणाकडे नसते. एकाला तीन दिवस सणसणून ताप, दुसऱ्याचा नुसता घसा खवखवला. दोघंही पॉझिटिव्हच, पण दोघांच्या शरीराने सारखाच धडा घेतला असेल असं नाही. आणि घेतलेला धडाही काही महिन्यांत पुसट होतो. 2022च्या जानेवारीत कोविड होऊन गेलेल्या किती जणांना त्याच जून-जुलैत तो पुन्हा झाला, ते आठवून पाहा.

अँटिबॉडी टेस्ट करून ठरवू, असं मनात असेल तर पैसे वाचवा. अमुक आकड्याच्या वर असलात की सुरक्षित, अशी रेषा ठरलेलीच नाही, आणि आठवण धरणाऱ्या पेशी त्या रिपोर्टात दिसत नाहीत.

आता तारीख. कोविडमधून बरं झाल्यावर तीन महिने थांबून डोस घ्यावा, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2022च्या जानेवारीतच कळवलं होतं. लगेच टोचलं तर रक्तात आधीच भरलेल्या अँटिबॉडी लसीतला माल परस्पर उचलतात आणि नवं शिकायला फार काही उरत नाही. दुसऱ्या डोसला सहा महिने व्हायला हवे होते (6 जुलै 2022पर्यंत नऊ), ते तुमचे झालेच होते. पण लसनोंदणीच्या कोविन पोर्टलचा मेसेज आला म्हणून धावायचं नव्हतं. तो फक्त दुसऱ्या डोसची तारीख मोजायचा, तुमचा आजार त्याच्या हिशेबात नव्हता.

म्हणजे तुमची पाळी आली ऑक्टोबरच्या मध्यानंतर, फुकटची मुदत संपल्यावर. तरी घाई नको होती. खासगी केंद्रात 2022मध्ये लसीचे सव्वादोनशे आणि वर सेवाशुल्क जास्तीत जास्त दीडशे होतं. कर धरूनही चारशेच्या आत भागायचं. तुम्ही धडधाकट असाल तर नोव्हेंबर उजाडला म्हणूनही काही बिघडत नव्हतं, कारण हॉस्पिटल टाळण्यापुरतं बळ दोन डोस आणि एका आजाराने बऱ्यापैकी दिलेलं होतं. घरात साठीच्या पुढचं किंवा मधुमेह, किडनीचं दुखणं असलेलं कुणी असेल, तर त्यांना मात्र ही सवलत द्यायची नव्हती. तीन महिने भरले की त्याच आठवड्यात घेऊन जायचं होतं.

आईला मी एप्रिलअखेर नेलं. दोन दिवस दंड धरून बसली होती. "विषाणूचा डोस बरा," म्हणाली, "हात तरी दुखला नव्हता."