नंतर आठवतं का, ते आधी बघा

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पालक-प्रौढ-बालक या अहं-अवस्थांबद्दल तुम्ही वाचलंत. वडिलांचा आवाज चढला की चाळिशीतही तुम्ही दुसरीतल्या मुलासारखे होता, तोंडून शब्द फुटत नाही. आणि मागच्या महिन्यात असं झाल्यावर घरापासून स्टेशनपर्यंत कसे पोचलात, ते तुम्हाला आठवतच नाही. म्हणून विचारलंय, 'माझ्यात दोन माणसं आहेत का?'

पहिल्या दोन गोष्टींनी घाबरू नका. तिसरी मात्र अंगावर काढू नका.

अहं-अवस्था ही कल्पना व्हिएन्नाचे मनोविश्लेषक पॉल फेडर्न यांची. मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी त्यांच्याकडे मनोविश्लेषण घेतलं आणि पुढे तिला पालक, प्रौढ, बालक असं सोपं रूप दिलं. अवस्था म्हणजे नुसता मूड नव्हे. त्या वेळचा विचार, भावना, बसण्याची ढब, आवाज, सगळं एकदम बदलतं. हे प्रत्येकाचं होतं. साहेबांसमोरचे तुम्ही आणि गावच्या मित्रांत खिदळणारे तुम्ही वेगळेच असता, पण दोघांना एकमेकांची ओळख असते. (घरात भांडताना 'आता तुझ्यातला बालक बोलतोय' असं एकमेकांना सुनावण्यासाठी बर्ननी हे मांडलेलं नाही. कार्यशाळांतून परतलेल्या लोकांकडून हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.)

तुमच्या प्रश्नाला बर्नपेक्षा जॉन आणि हेलन वॉटकिन्स हे अहं-अवस्थांवरच उपचार करणारं दांपत्य जास्त उपयोगी पडेल. त्यांच्या मते फरक अवस्था किती आहेत यात नसतो, त्यांच्यामधली भिंत किती जाड आहे यात असतो. एका टोकाला रोजचे मूड, दुसऱ्या टोकाला पूर्वी 'बहुव्यक्तिमत्त्व' म्हणायचे तो आजार. 1994 साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याचं नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झालं. बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. म्हणून 'मी किती जण?' यापेक्षा 'मला नंतर आठवतं का?' हे विचारा.

भिंत जाड का होते? जे सोसवत नाही ते बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येत नाही, म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या चार्ल्स मायर्स यांनी 1940 साली हे नेमकं लिहून ठेवलं: एक वरवर सर्वसाधारण दिसणारं व्यक्तिमत्त्व, जे कामं करतं पण त्या प्रसंगाची आठवण टाळतं, आणि एक भावनिक, जे अजून त्या प्रसंगातच अडकलेलं असतं. त्या दुसऱ्याला युद्ध संपल्याचं कळलेलंच नसतं.

माझ्या बाबतीत ते दुसरं आठ वर्षांचं होतं. दार आपटलं की मी सुन्न व्हायचे, हात कुणा दुसऱ्याचे वाटायचे. पहिल्या समुपदेशकांनी दुसऱ्याच भेटीत डोळे मिटवून सगळं आठवायला लावलं आणि त्यानंतर मी आठवडाभर भानावर नव्हते. नंतरच्या बाईंनी वर्षभर त्या आठवणींना हातच लावला नाही. झोप, जेवण, भानावर यायची सवय, एवढंच. मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये जो क्रम सांगितला तो हाच: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आणखी एक गोष्ट त्या बाईंनी ओळखली. आमच्या भेटी इंग्रजीत चालायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, 'आठ वर्षांची होतीस तेव्हा घरी काय बोलायचात?' वऱ्हाडी. त्या लहानीला इंग्रजी येतच नव्हतं! मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले, 'काही नाही होत वं बाई, मी हावो ना,' आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा रडले. तुमच्या भाषेत बोलणारा माणूस शोधा, असं मी म्हणूनच सांगते.

आता स्टेशनचं. आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. अपस्माराचे काही झटके, डोक्याला मार, दारू, काही औषधं यांनीही अशी स्मृती तुटते. ते तपासल्याशिवाय कुणी डिसोसिएशनचा, म्हणजे मन स्वतःपासून किंवा आठवणींपासून तुटण्याचा, शिक्का मारत असेल तर थांबा. इंटरनेटवर त्यासाठी 28 प्रश्नांची एक प्रश्नावली मिळते. ती चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही. घरचे 'अंगात येतं' म्हणून बाहेरचं बघायला नेत असतील तर नको म्हणा. देवळात, उत्सवात, सगळ्यांच्या मान्यतेनं येणाऱ्या संचाराला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही आजार मानत नाही. पण तुमचं तसं नाही. ते नकळत होतंय आणि तुम्हाला त्याचा त्रास होतोय.

तोवर आवाज चढला की पाय जमिनीवर दाबा, तोंडावर गार पाणी मारा, आजची तारीख आणि स्वतःचं वय मोठ्यानं म्हणा. एकदम असह्य झालं, जीव नकोसा वाटला, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि एक छोटी वही करा: तारीख, आधी काय घडलं, किती वेळ आठवत नाही, कुणी पाहिलं असेल तर त्यांना तुम्ही कसे दिसलात. पहिल्या भेटीला जाताना ती सोबत न्या, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं हेच सांगायचं राहून जातं.