संत्र्याच्या सालीने केलेले चांदीचे कण: गेलेला रंग परत का येतो

संत्र्याच्या सालीच्या अर्काने सिल्व्हर नायट्रेटपासून चांदीचे सूक्ष्म कण करायचे, आणि ते उत्प्रेरक म्हणून वापरून बोरोहायड्राइड या क्षपणकाने पाण्यातला रंग घालवायचा, असा तुमचा प्रयोग आहे. त्यावर तुमचे प्रश्न तीन आहेत. सालीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट पडताच पांढुरका गढूळपणा का येतो, बोरोहायड्राइडने रंगहीन झालेला मिथिलिन ब्लू हा रंग थोड्या वेळाने पुन्हा निळा का होतो, आणि हाच प्रयोग नागपूरच्या नाग नदीच्या पाण्यावर करून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये दाखवता येईल का. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

तिथे काहीच तुटलेलं नाही. मिथिलिन ब्लूचं फक्त क्षपण (रिडक्शन) होऊन त्याचं ल्युको रूप झालं, आणि ते रंगहीन असतं. बोरोहायड्राइड संपला आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते परत निळं होणारच. झाकण लावून हलवून बघा, लगेच कळेल. ६६४ नॅनोमीटरचं प्रकाश-शोषणाचं शिखर गेलं एवढ्या आधारावर ‘विघटन’ लिहिणारे पुष्कळ आहेत. परीक्षक जागा असेल तर नेमका तिथेच अडवतो.

म्हणून मिथिल ऑरेंज हा रंग घ्या. त्यातला ॲझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध) खरोखर तुटतो. तरी तुटून सल्फानिलिक आम्ल आणि एक ॲरोमॅटिक अमाइन उरतं, म्हणजे रंग गेला तरी सेंद्रिय भार पाण्यातच राहिला. ४६४ नॅनोमीटरचं शिखर उतरताना २५०च्या आसपास शोषण वाढतं. ते दिसायला सगळ्या तरंगलांबींचा पूर्ण स्कॅन आणि क्वार्ट्झची क्युव्हेट (नमुना ठेवायची चौकोनी नळी) लागते, प्लास्टिकची चालत नाही.

आता गढूळपणा. साल नळाच्या पाण्याने धुऊन तशीच उकळली असेल तर तो नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे झालेला सिल्व्हर क्लोराइड समजा. शेवटच्या दोन धुण्या आणि काचेची भांडीही डिस्टिल्ड वॉटरनेच. सालीचा आतला पांढरा भाग खरवडून टाका. नाहीतर त्यातलं पेक्टिन अर्कात उतरतं, फिल्टर पेपर तुंबतो आणि सेंट्रीफ्यूजमध्ये कण नीट बसत नाहीत. १० ग्रॅम ताजी साल १०० मिली पाण्यात ६० ते ७० अंशांवर वीस मिनिटं ठेवा; खळखळून उकळू नका. गाळलेला अर्क फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा, बुरशी लवकर धरते.

४५ मिली १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये (लिटरला ०.१७ ग्रॅम) ५ मिली अर्क घाला. अर्क आंबट असल्यामुळे क्रिया रेंगाळते, म्हणून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब घालून सामू (पीएच) ८ ते ९ करा. सगळी फसगत याच टप्प्यावर होते. अल्कली एकदम ओतली तर सिल्व्हर ऑक्साइडचा काळपट-तपकिरी साका येतो, आणि नुसता अर्कसुद्धा अल्कलीत तपकिरी होतो. त्यामुळे ‘तपकिरी झालं, कण झाले’ हा पुरावा नव्हे. चांदीविना अर्क आणि अल्कली असा एक नमुना शेजारी ठेवा आणि ४१० ते ४४० नॅनोमीटरच्या दरम्यान चांदीच्या कणांचं शिखर मिळतं का ते बघा. शिखर रुंद होऊन उजवीकडे सरकलं तर कण एकमेकांना चिकटलेत. मग १२,००० आरपीएमवर पंधरा मिनिटं फिरवून दोनदा धुवा, पण वाळवू नका. वाळवलेली पूड पुन्हा नीट पसरत नाही.

क्युव्हेटमध्ये २.५ मिली मिथिल ऑरेंज (लिटरला १० मिग्रॅ), ०.५ मिली ०.१ मोलर बोरोहायड्राइड आणि ५० मायक्रोलिटर कण. बोरोहायड्राइड रंगाच्या सहाशे पटींहून जास्त असल्याने गती छद्म-प्रथम कोटीची, म्हणजे फक्त रंगाच्या प्रमाणावर अवलंबून, धरता येते. बोरोहायड्राइड १० मिलीला ३८ मिलिग्रॅम, बर्फगार पाण्यात, प्रत्येक वेळी ताजा. नागपूरच्या मे महिन्यात हे विशेष सांभाळा. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट होते आणि बोरोहायड्राइडची उघडी बाटली ओल धरते. मग वजन बरोबर असूनही वेग कमी येतो. गती-स्थिरांकांची तुलनाही एकाच तापमानाच्या वॉटर बाथमध्ये करा. सकाळचं आणि दुपारचं वाचन एका आलेखात टाकून उपयोग नाही.

आकडे उड्या मारत असतील तर हायड्रोजनचे बुडबुडे क्युव्हेटच्या भिंतीला चिकटलेत, टिचकी मारा. शोषण शून्यावर येत नसेल तर घाबरू नका; चांदीचं स्वतःचं शिखर ४६४च्या पायथ्याशी पसरलेलं असतं. रंगाविना कण आणि बोरोहायड्राइड असा ब्लँक वजा करा. शिवाय दोन कंट्रोल हवेतच: कणांविना बोरोहायड्राइड, आणि बोरोहायड्राइडविना कण. दुसऱ्यातही रंग उतरला तर ते उत्प्रेरण नसून अधिशोषण (रंग कणांच्या पृष्ठभागाला चिकटणं) आहे.

नाग नदीचं पाणी थेट घेऊ नका. सांडपाण्यातला सल्फाइड चांदीवर बसला की उत्प्रेरक मेला, आणि बोरोहायड्राइडमागे बोरेट पाण्यात राहतंच. ही जलशुद्धीकरणाची पद्धत नाही, उत्प्रेरकाची चाचणी आहे, आणि प्रोजेक्टमध्येही तसंच लिहा. नदीचं पाणी गाळून त्यात ठरावीक मिथिल ऑरेंज मिसळा आणि डिस्टिल्ड वॉटरच्या तुलनेत गती किती घटते ते दाखवा. माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक निकाल ठरेल. सीओडी (पाण्यातला सेंद्रिय भार डायक्रोमेटने मोजायची चाचणी) करणार असाल तर उरलेला बोरोहायड्राइड आधी नष्ट करा, कारण तोही डायक्रोमेट खातो आणि आकडा फुगतो. त्यासाठी फ्युम हूडखाली उघड्या बीकरमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. उरलेलं द्रावण आम्लाच्या वेस्ट कॅनमध्ये ओतून झाकण कधीच लावू नका. हायड्रोजनच्या दाबाने कॅन फुटतो.