आत्या म्हणते लिव्हरला शेक देऊ नका

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सिंहगड रोडला राहतो. बाबा ६६ वर्षांचे, हेपॅटायटिस बी जुना आहे, सिऱ्हॉसिस होताच आणि आता साडेपाच सेंमीची कॅन्सरची गाठ निघाली. सर्जन म्हणाले मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, ऑपरेशन होणार नाही, पाच सिटिंगचं रेडिएशन घ्या. आत्या म्हणते लिव्हरला शेक दिला की कावीळ होऊन माणूस जातो, तिने बघितलंय. बाबा तेव्हापासून गप्पच आहेत. शिवाय घरात चार महिन्यांची नात आहे, तिला त्यांच्याजवळ द्यायचं की नाही?

उत्तर: आत्या खोटं बोलत नाहीयेत, पण त्या सांगतायत ते जुन्या पद्धतीचं. तेव्हा किरणं अख्ख्या लिव्हरवर जायची आणि अख्खं लिव्हर ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपासच डोस सोसतं, गाठ मारायला तेवढा पुरत नाही, त्यामुळे गाठ तशीच राहायची आणि दोन-चार महिन्यांत पोटात पाणी, कावीळ सुरू व्हायची. तुम्हाला सांगितलंय ते बहुतेक एसबीआरटी असणार, म्हणजे बऱ्याच दिशांनी बारीक किरणं फक्त गाठीवर आणून सोडायची, पाच सिटिंगमध्ये ३० ते ५० ग्रे. अडचण एकच, श्वास घेतला की लिव्हर खालीवर सरकतं, म्हणून आधी श्वासासकट सीटी काढतात, पोटावर पट्टा बांधतात नाहीतर श्वास रोखायला शिकवतात, कधी गाठीजवळ खुणेसाठी सोन्याचे बारीक दाणेही ठेवतात. बाबांना आठवडाभर आधीपासून घरी श्वास रोखायची प्रॅक्टिस करायला लावा, गप्प बसण्यापेक्षा बरं.

पण खरा प्रश्न गाठीचा नाहीच, उरलेल्या लिव्हरचा आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, बाबा चाइल्ड-प्यू (लिव्हर किती काम करतंय त्याची श्रेणी, ए सगळ्यात बरी, सी सगळ्यात वाईट) ए आहेत की बी, आणि किरणांपासून वाचणारं लिव्हर ७०० सीसी तरी आहे का. ए असेल तर निर्धास्त पुढे जा, बी असेल तर डोस कमी करावा लागतो आणि सी असेल तर मीसुद्धा नको म्हणेन. हेपॅटायटिस बीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, व्हायरस उसळला तर रेडिएशनपेक्षा तोच जास्त नुकसान करतो. आणि हो, कोणी गुळवेलीचा काढा आणून दिला असेल तर तो बंद, लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्यात. (काढ्याबद्दल लिहिलं की मला रागाची पत्रं येतात, येऊ देत.)

थकवा येईल, मळमळेल, केस जाणार नाहीत. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली तर घाबरू नका, मेलेली गाठ आकसायला सहा महिनेही घेते, एएफपी (रक्तातली लिव्हर कॅन्सरची खूण) उतरतोय का ते बघा. खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल सिटिंग सुरू व्हायच्या आधीच विचारा, नंतर नाही.

नातीचं विचारलंत. किरणं मशीनमधून येतात, मशीन बंद झालं की संपली, बाबांच्या अंगात काही उरत नाही. रक्तवाहिनीतून यिट्रियमचे किरणोत्सारी कण सोडतात त्या उपचारात मात्र काही दिवस लहान बाळ लांब ठेवतात, बाबांचं ते नाहीये. तेव्हा सिटिंगवरून घरी आले की द्या तिला मांडीवर.