पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या परप्रांतीयांमुळेच वाढली का, आणि इथे मराठी माणूस अल्पसंख्य होईल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या एवढ्या झपाट्याने वाढली ती परप्रांतीयांमुळेच का, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी माणूस इथे अल्पसंख्य होईल का. मी पिंपरी-चिंचवडला महापालिकेच्या शाळेत शिकवते. 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून थेरगाव भागातली घरं मी स्वतः मोजली आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसले.

वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्यांमुळे झाली, हे खरं. पण या 'बाहेरून'मध्ये लातूर, बीड, धाराशिव, सोलापूर, जळगाव, बुलढाणा यांचा वाटा फार मोठा आहे. ती आपलीच माणसं आहेत.

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या 15.99 टक्क्यांनी वाढली. त्याआधीच्या दशकात हाच आकडा 22.73 होता, म्हणजे राज्याचा वेग चांगलाच मंदावला. त्याच काळात पुणे जिल्हा मात्र 72.32 लाखांवरून 94.29 लाखांवर गेला, 30 टक्क्यांची वाढ. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत 10.12 लाखांचे 17.27 लाख झाले, 70 टक्क्यांहून जास्त. एवढी वाढ पाळणे हलून होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा, 1.7 निघाला. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या आहे तेवढी टिकायची तर तो 2.1 च्या आसपास लागतो. 'लोक फार मुलं जन्माला घालतात म्हणून शहरं फुगतात' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं, आणि आपल्या राज्यापुरतं ते आता खरं नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून पाहा. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबई-ठाण्याकडे गेलेले. आमच्या महापालिका हद्दीत त्याच वर्षी साडेनऊ लाखांच्या आसपास पुरुष होते आणि स्त्रिया 7.8 लाख, म्हणजे हजारामागे 826. मुलींची गर्भातच होणारी हत्या हे आपल्या राज्याचं मोठं पाप आहे, पण एवढी तफावत केवळ त्याने होत नाही. एकेका खोलीत चार-पाच जण मिळून राहणारे, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपणारे तरुण त्या आकड्यात आहेत. त्यांची बायका-मुलं गावाकडे असतात. काही वर्षांनी जम बसला की येतात, आणि मग शाळेचा पट वाढतो. मी हे वर्गात बसून पाहते. जूनमध्ये दाखले बघताना आधीच्या शाळेचं गाव वाचलं, की कुठल्या भागात दोन वर्षं पाऊस झाला नाही ते समजतं.

2011 च्या फेब्रुवारीत आम्ही घरोघर जो तक्ता भरत होतो त्यात 29 प्रश्न होते. जन्मस्थान, शेवटचं राहण्याचं ठिकाण, तिथून इथे येण्याचं कारण आणि इथे किती वर्षं झाली, हेही त्यात होते. पुरुषांच्या रकान्यात बहुतेक 'काम' आणि बायकांच्या रकान्यात 'लग्न' किंवा 'कुटुंबासोबत'. त्यातल्या कितीतरी बायका चाकणच्या, भोसरीच्या कारखान्यांत जात होत्या, चार घरची धुणीभांडी करत होत्या, पण कारण एकच लिहायचं असल्यामुळे त्यांचं काम त्या रकान्यात कुठेच दिसलं नाही. मला याचं तेव्हाही फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. स्थलांतराची चर्चा पुरुषांपुरतीच राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि या शहराचे मूळचे लोक कोण, हाही प्रश्न विचारायला हवा. चिंचवड जुनं गाव, मोरया गोसावींचं. आकुर्डी, भोसरी, वाकड, मोशी ही शेतकऱ्यांची गावं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि पिंपरी कॅम्प वसला. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि इथल्या जमिनी संपादित होऊन टेल्कोसारखे (नंतरची टाटा मोटर्स) कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य वर्कशॉप उभी राहिली. माझे वडील 1972 च्या दुष्काळानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून भोसरीला लेथवर काम शिकायला आले. आज 'बाहेरचे लोक वाढले' म्हणणाऱ्या पुष्कळ घरांचा इतिहास असाच आहे. 1970 मध्ये चार गावांची नगरपालिका, 1982 मध्ये महानगरपालिका, 1997 मध्ये आसपासची आणखी गावं हद्दीत. म्हणजे शहराच्या आजवरच्या एकूण वाढीत काही वाटा असाही आहे, की माणूस जागेवरून हललाच नाही, महापालिकेची हद्दच त्याच्यापर्यंत आली.

परराज्यांतून येणारे आहेतच. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, ओडिशा, पश्चिम बंगाल इथून लोक येतात. बांधकामावर, फॅब्रिकेशनमध्ये, हॉटेलांत काम करतात. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे देशभरातून इंजिनिअर येतात. पण 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे 78 टक्के होते आणि हिंदी सांगणारे 9 टक्क्यांच्या आत. एका पिढीत हे चित्र पार उलटेल असं मानायला मला आधार दिसत नाही. माझ्या वर्गात गोरखपूरकडची आणि कलबुर्गीकडची मुलं मराठी माध्यमात शिकतात आणि दुसरीत पोचेपर्यंत मराठीत भांडतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मराठीची काळजी असेल, तर महापालिकेची मराठी शाळा नीट चालते का, तिथे शिक्षक पुरेसे आहेत का, आणि तुमचं स्वतःचं मूल कुठल्या माध्यमात आहे, हे आधी बघा असं मी कळकळीने सांगेन.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. या शहरात आज नक्की किती माणसं राहतात, हे मोजलेलंच नाही. 2021 ची जनगणना झाली नाही. जो काही आकडा ऐकता तो अंदाज असतो. 2017 ची महापालिका निवडणूक 128 जागांसाठी झाली ती 17 लाख 27 हजार लोकसंख्या धरून. 2025 मध्ये प्रभागरचना झाली तेव्हाही आकडा तोच आणि जागाही 128 च. मधल्या काळात ताथवडे, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होली इथे शेतांच्या जागी वीस-वीस मजली सोसायट्या झाल्या. कागदावर ती माणसं नाहीतच. रेशनचंही तेच. अन्नसुरक्षा कायद्यातली राज्यांची लाभार्थीसंख्या 2011 च्या लोकसंख्येवर ठरली आहे. नंतर आलेल्या गरीब कुटुंबाने अर्ज केला तर 'कोटा नाही' हे उत्तर मिळतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया हे उत्तर घेऊन परत आलेल्या आहेत.

पाण्याचं तर बोलायलाच नको. शहराचा मुख्य आधार पवना धरण, साडेआठ टीएमसीचं (म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट). 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. पाऊस चांगला होऊन धरण भरलं तरी रोजचं पाणी परत आलं नाही, कारण प्रश्न धरणाचा कमी आणि माणशी हिशेबाचा जास्त. नव्या भागातल्या सोसायट्या टँकरवर जगतात. आणि शहराची तहान वाढते तेव्हा तिची किंमत वरच्या अंगाच्या गावांना द्यावी लागते, हेही विसरू नका. पवना धरणातून शहराकडे पाणी आणायच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे गोळीबार झाला आणि तिघे गेले. ते स्थलांतरित नव्हते, पण आमच्या लोकसंख्यावाढीच्या हिशेबात त्यांचेही जीव आहेत.

आता 2027 च्या जनगणनेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाला ठाम आकड्यांनी उत्तर तीच देईल. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख आहे. 2011 मध्ये मला अडचण आली ती इथे: भाड्याच्या खोल्यांतले लोक म्हणायचे, 'मॅडम, आमचं नाव गावाकडं लावलंय, हितं नको.' काहींना वाटायचं इथे मोजलं तर गावचं रेशनकार्ड रद्द होईल. काही घरमालक कर वाढेल या भीतीने भाडेकरू आहेत हेच सांगत नसत. यातलं काहीही खरं नाही. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती 1948 च्या कायद्याने गोपनीय असते. तिच्यामुळे गावचा सातबारा, रेशनकार्ड किंवा मतदारयादीतलं नाव जात नाही, आणि करही लागत नाही. माणूस जिथे प्रत्यक्ष राहतो तिथेच मोजायचा असतो. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर तिथले वॉचमन, बांधकामावरच्या शेडमधली कुटुंबं, घरकामाला येणाऱ्या मावशी यांना हे आधीच सांगून ठेवा. प्रगणक दुपारी येतो तेव्हा हे लोक कामावर असतात, आणि शेजारचा माणूस 'तिथे कुणी राहत नाही' म्हणून मोकळा होतो.