विचारांची छाटणी की काटकसर?

नाशिकहून एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी पिंपळगावला द्राक्षबाग आहे. चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलांना रीइन्फोर्समेंट लर्निंगने कमी शब्दांत विचार करायला कसे शिकवतात, यावर मराठीत बोलायचे आहे. 'एफिशियंट रीझनिंग'ला 'कार्यक्षम तर्क' म्हणू, की आमच्या बागेतला 'छाटणी' शब्द चालेल?"

'छाटणी' हा शब्द मला आवडला, आणि तो तुम्हाला का सुचला तेही कळते. बाहेरच्या माणसाला छाटणी म्हणजे नुसती कापाकापी वाटते. द्राक्षबागेत मात्र एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या नव्या काड्या तयार होतात, त्यांच्यावरच ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड येतात. म्हणजे पुढची वाढ कशी व्हावी हे छाटणी ठरवते. रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये, म्हणजे चांगल्या उत्तराला मोबदला देत मॉडेलला शिकवण्याच्या या प्रशिक्षणातही, लिहून झालेला मजकूर कोणी कापत नाही, पुढे लिहिण्याची सवय बदलते. तुमचा शब्द इथपर्यंत चपखल आहे.

अडचण वेगळीच आहे. भाषा मॉडेल ज्यावर बांधतात त्या जाळ्याच्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या क्षेत्रात 'प्रूनिंग' नावाचे निराळे तंत्र आधीपासून आहे. संगणकशास्त्रज्ञ यान लकुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच त्यावर काम केले होते. त्यात नेटवर्कमधले कमी महत्त्वाचे दुवे काढून टाकतात आणि मॉडेलच लहान होते. मराठीत 'छाटणी' हे नाव त्याच तंत्राला द्यायला हवे. तुम्ही सांगताय त्या पद्धतीत मॉडेलचा आकार तेवढाच राहतो.

'कार्यक्षम' चूक नाही. यंत्राची कार्यक्षमता आपण शाळेत भौतिकशास्त्रात शिकलो आहोत. पण 'कार्यक्षम अधिकारी' म्हटले की झपाट्याने कामे उरकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'कार्यक्षम तर्क' म्हटल्यावर तर काहीच डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय इथे नेमके काय वाचवायचे आहे, हे त्या शब्दातून कळत नाही.

वाचवायचे आहेत ते टोकन, म्हणजे मॉडेल लिहिते ते शब्द किंवा शब्दांचे तुकडे. मॉडेल आपला विचारही एकेक टोकन लिहीत मांडत जाते आणि प्रत्येक नवे टोकन ठरवताना आधीच्या मजकुराचा आधार घेते. त्यामुळे विचार लांबला की वेळ, स्मृती आणि वीज, तिन्हींचा खर्च वाढतो. आणि तो लांबतोच. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या, डीपसीक या चिनी कंपनीच्या आर१-झीरो मॉडेलच्या प्रशिक्षणात मोबदला मुख्यतः बरोबर उत्तराला होता. लांब लिही असे कोणी सांगितले नव्हते, तरी प्रशिक्षण पुढे सरकले तशी उत्तरे आपोआप लांबत गेली. अवघड गणितांत त्याचा फायदा झाला. पण डिसेंबर २०२४ मध्येच टेन्सेंट या चिनी कंपनीच्या संशोधकांनी दाखवले होते की अशी मॉडेले २+३ सारख्या बेरजेलाही एकामागून एक उत्तरे काढून पाहत बसतात, आणि बहुतेकदा पहिलेच उत्तर बरोबर असते. याला मराठीत 'पाल्हाळ' हा तयार शब्द आहे, 'अतिविचार' घडवायची गरज नाही.

उपाय कसा केला, यावर तुमचा शब्द ठरेल. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दमन अरोरा आणि आंद्रेआ झानेट यांची २०२५ मधली पद्धत पाहा. एकाच प्रश्नाची मॉडेलकडून अनेक उत्तरे लिहून घेतात. चुकलेल्या उत्तराला शून्य, मग ते कितीही छोटे असो. बरोबर उत्तरांना मोबदला मिळतो, पण त्यांच्यातही जे लांब असेल त्याचा थोडा कापतात. लांब कशाला म्हणायचे, तर त्याच प्रश्नाच्या इतर बरोबर उत्तरांच्या सरासरीच्या तुलनेत. यातली खुबी मला फार मोलाची वाटते. सगळ्या प्रश्नांना मिळून एकच शब्दमर्यादा नाही. सोप्या गणिताचे उत्तर त्याच गणिताच्या इतर उत्तरांशी मोजले जाते, अवघड गणिताला अवघडाइतकी जागा मिळते. किती कापायचे हे ठरवणारा एक आकडा संशोधकाच्या हातात असतो. तो वाढवला की उत्तरे आणखी आटोपशीर होतात, मात्र फार ताणल्यास अचूकतेला झळ बसू शकते.

म्हणून माझे मत 'काटकसर' या शब्दाला. काटकसरीत गरजेचा खर्च गृहीत आहे. काटकसरी माणूस नडीला पैसे काढतो, चिक्कू काढत नाही, आणि मराठी बोलणारा हा फरक कधी चुकत नाही. 'झटपट'मध्ये नुसता वेग येतो, 'त्रोटक'मध्ये काहीतरी राहून गेल्याची तक्रार, 'थोडक्यात'मध्ये आधी लिहिलेल्याचा गोषवारा. चुकीच्या छोट्या उत्तराला शून्य देणारी पद्धत यांपैकी एकाही शब्दात बसत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. 'रिवॉर्ड'ला मी वर 'मोबदला' म्हटले, कारण मोबदला कापता येतो. पुरस्कार कापला असे आपण म्हणत नाही. 'रीइन्फोर्समेंट'ला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'प्रबलन' आहे. भाषणात तो एकदा सांगा आणि पुढे 'रीइन्फोर्समेंट लर्निंग'च म्हणा, श्रोत्यांना तेच ओळखीचे असेल.

'काटकसरी मॉडेल' असे विशेषण मात्र लावू नका. ऐकणाऱ्याला ते स्वस्तातले किंवा लहान मॉडेल वाटेल. 'काटकसरीने विचार करणारे मॉडेल' किंवा 'विचारातली काटकसर' म्हणा. क्रियापद हवे असेल तर 'मॉडेलला विचार आटोपता घ्यायला शिकवणे' हे बोलताना सहज येते.